ग्रंथीचे काम ग्रंथीच्या बाहेर

मानवी शरीरातल्या ग्रंथी आपल्याला शाळेत एका तक्त्यातून भेटतात. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात स्थान, तिसऱ्यात संप्रेरक, चौथ्यात कार्य. पीयूषिका वाढ घडवते, अवटू चयापचय सांभाळते, अधिवृक्क संकटात शरीराला सज्ज करते, स्वादुपिंड साखर ताब्यात ठेवते. जोड्या लावायला एवढे पुरते. अडचण अशी की शाळा सुटली तरी हा तक्ता डोक्यातून सुटत नाही. पुढे रक्ताचा अहवाल हातात येतो तेव्हाही आपण त्याच रकान्यांतून विचार करतो: अमुक ग्रंथी बिघडली, म्हणून अमुक काम थांबले, म्हणून अमुक गोळी. शिकलेली माणसेही ग्रंथीकडे एक सुटा अवयव म्हणूनच पाहतात.

ही समजूत उथळ आहे आणि तिची किंमत गरीब मुलखाला मोजावी लागते. माझे म्हणणे असे: ग्रंथीचे कार्य तीन गोष्टींवर उभे असते. तिला कच्चा माल कुठून मिळतो, तिला हुकूम कोण देते आणि तिचा स्राव जिथे पोचतो तिथे परिस्थिती काय असते. हुकूम बहुधा शरीराच्या आतूनच येतो. कच्चा माल आणि परिस्थिती मात्र वारंवार कातडीच्या बाहेर, मातीत, बाजारात, हवेत आणि मजुरीच्या वेळापत्रकात शोधाव्या लागतात. तेव्हा ग्रंथींचा अभ्यास हा एका अंगाने मुलखाचाही अभ्यास आहे.

हे म्हणणे मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्याच्या संदर्भात तपासून पाहणार आहे. मावची, कोकणी, गावित, भिल्ल अशा आदिवासी समाजांचा हा मुलूख. भात, ज्वारी, तूर ही इथली पिके. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. इथले रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तिकीट खिडकी एका राज्यात, स्थानकप्रमुखाची खोली दुसऱ्या राज्यात. सुरत शंभरेक किलोमीटरवर, म्हणजे समुद्रही फार लांब नाही. हे अंतर पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

१. प्रकार किती, आणि ते कुठवर पुरतात

वर्गीकरण टाकाऊ नाही, म्हणून आधी ते नीट मांडतो. बहिःस्रावी ग्रंथींना नलिका असते आणि त्यांचा स्राव ठरलेल्या जागी पडतो. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, घर्मग्रंथी, त्वचेतल्या तैलग्रंथी, जठराच्या अस्तरातल्या ग्रंथी आणि स्तनांतल्या दुग्धग्रंथी या वर्गातल्या. लाळच दिवसाला एक ते दीड लिटर तयार होते. यकृत ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी. तिचे पित्त नलिकेनेच आतड्यात उतरते. अंतःस्रावी ग्रंथींना नलिका नसते, त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात: मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका, गळ्यातली अवटू, तिच्या पाठीमागे बहुधा चार परावटू, दोन्ही मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क. तिसरा वर्ग मिश्र ग्रंथींचा. स्वादुपिंड पाचकरस नलिकेने आतड्यात पाठवते आणि इन्सुलिन रक्तात सोडते. अंडाशय आणि वृषणही याच वर्गात मोडतात.

या मांडणीला पहिला तडा गेला तो संप्रेरकांच्या शोधानेच. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले आणि तिथे आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. निरोप मज्जातंतूंनी नेला नव्हता, तो रक्तातून गेला होता. आतड्याच्या अस्तरातून निघालेल्या त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले. हार्मोन हा शब्द स्टार्लिंग यांनी त्यानंतर, १९०५ साली वापरला. म्हणजे ज्या शोधाने ही सगळी कल्पना जन्माला आली, तो शोध शाळेच्या तक्त्यात ग्रंथी म्हणून नसलेल्या अवयवाचा होता. पुढे कळत गेले की मूत्रपिंड तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक सोडते, हृदयाचे वरचे कप्पे मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावणारे संप्रेरक सोडतात, गर्भवतीची वार संप्रेरके तयार करते. १९९४ साली चरबीच्या पेशींमधून येणारे लेप्टिन सापडले आणि निव्वळ साठा समजली जाणारी चरबीसुद्धा स्राव करणाऱ्यांच्या यादीत आली.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. स्राव करणे ही एक भूमिका आहे आणि ती शरीरातल्या पुष्कळ ऊती बजावतात. कोणता अवयव ग्रंथी आहे, या प्रश्नापेक्षा कोण कोणाला काय कळवते आणि ते कळवण्यासाठी काय लागते, हा प्रश्न जास्त फळ देतो.

२. कच्चा माल: अवटू आणि मीठ

अवटू ग्रंथी पंधरा ते पंचवीस ग्रॅमची. तिचे मुख्य संप्रेरक थायरॉक्सिन. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि रेणूच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आयोडीनचाच असतो. शरीराला आयोडीन तयार करता येत नाही. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागते, गरोदर बाईला सुमारे २५०. एवढे अन्नपाण्यातून आले नाही तर निरोगी, निर्दोष अवटूही आपले काम पुरे करू शकत नाही.

अशा वेळी काय घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. रक्तातले थायरॉक्सिन कमी पडू लागले की पीयूषिका अवटूला उत्तेजित करणारे संप्रेरक वाढवते. त्या हुकमाखाली अवटूच्या पेशी वाढतात, ग्रंथी फुगते, रक्तातले मिळेल तेवढे आयोडीन ओढून घेते. गळ्यावर दिसणारा गलगंड हा या धडपडीचा परिणाम आहे. तक्ता त्याला अवटूचा विकार म्हणतो. मी म्हणेन की अवटू तिथे आपले काम कमालीच्या निष्ठेने करते आहे. तिला माल पुरवणारी साखळी तुटलेली आहे. गळ्याकडे बोट दाखवणारे निदान शब्दशः खरे असूनही चुकीच्या जागी थांबलेले असते.

ही साखळी तुटते कुठे? आयोडीनचा मोठा साठा समुद्रात आहे. ते हवेत चढते, पावसाबरोबर जमिनीवर येते आणि डोंगरउतारावरचा जोराचा पाऊस आणि पूर तेच पुन्हा धुऊन नेतात. अशा मातीत उगवलेल्या धान्यात, भाजीत आणि तिथला चारा खाणाऱ्या गुराच्या दुधातही आयोडीन कमी असते. समुद्र जवळ असला म्हणजे प्रश्न नाही, असे अनेकांना वाटते. वैद्यकाच्या पुस्तकांत हिमालयाबाहेरच्या गलगंड पट्ट्यांमध्ये महाराष्ट्रातल्या औरंगाबाद जिल्ह्याबरोबर गुजरातच्या भरूच जिल्ह्याचे नाव येते, आणि भरूचला तर समुद्रकिनाराच आहे. त्याच भरूचच्या डोंगराळ पूर्व भागातून १९९७ साली नर्मदा जिल्हा झाला. त्याची हद्द आज नंदुरबार जिल्ह्याला भिडते. रोग राज्याच्या सीमेवर थांबत नाही. ज्या तालुक्याचे स्थानकच दोन राज्यांत वाटलेले आहे, तिथे हे वेगळे सांगायला नको.

उपाय भारतात फार पूर्वी सिद्ध झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख वस्तीचे विभाग पाडून मिठात आयोडीन मिसळण्याचा प्रयोग केला. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंड उतरला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली त्याचे नाव बदलून आयोडीन कमतरतेच्या विकारांचा कार्यक्रम असे झाले आणि तो बदल अर्थपूर्ण होता. गलगंड हा डोळ्यांना दिसणारा, त्यातल्या त्यात सौम्य परिणाम आहे. खरे नुकसान गर्भातल्या मेंदूचे होते. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळाची अवटू काम करत नसते, त्याचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवर घडतो. आईला आयोडीनची तीव्र कमतरता असेल तर मूल मंदबुद्धी, मूकबधिर जन्मू शकते. कमतरता मध्यम असेल तर मूल चारचौघांसारखे दिसते, पण शिकताना मागे पडते. अशा मुलाला शाळेत ‘ढ’ म्हटले जाते. त्याच्या गळ्यावर गाठ नसते आणि कोणत्याही तक्त्यात त्याची नोंद होत नाही.

आता बाजारात या. नियमाप्रमाणे उत्पादनाच्या वेळी मिठात आयोडीनचे प्रमाण दहा लाख भागांत ३० भाग असावे आणि घरी पोचेपर्यंत किमान १५ भाग उरावे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ९४ टक्के घरांच्या मिठात आयोडीन आढळले. पण त्याच सुमाराच्या, २०१८-१९ च्या भारतीय आयोडीन सर्वेक्षणात पुरेसे, म्हणजे १५ भाग किंवा जास्त आयोडीन असलेले मीठ वापरणारी घरे सुमारे ७६ टक्केच निघाली. आयोडीन असणे आणि पुरेसे असणे यांतले हे अंतर कुठे पडते? खडेमिठाच्या उघड्या गोणीत, ओलाव्यात, उन्हात, मीठ धुऊन वापरण्यात, उकळत्या डाळीत सुरुवातीलाच मीठ घालण्यात. पाच महिने दमट असणाऱ्या घरात तोंड उघडे राहिलेली मिठाची बरणी ही अवटूच्या कार्याचा भाग आहे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

३. परिस्थिती: घाम सुटतो, पण वाळतो का

दुसरे उदाहरण बहिःस्रावी ग्रंथीचे घेतो, म्हणजे हे केवळ संप्रेरकांपुरते आहे असे वाटायला नको. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. तापमान राखणे हे त्यांचे कार्य म्हणून लिहिले जाते. प्रत्यक्षात घाम सुटल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता कातडीवरून निघून जाते. तोच घाम ओघळून मातीत पडला तर जवळजवळ काहीच निघत नाही. ग्रंथी पूर्ण काम करते आणि तरीही कार्य होत नाही, अशी स्थिती शक्य आहे. कारण कार्याचा शेवटचा टप्पा हवेच्या हातात आहे.

नवापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून हजारो जोडपी दरवर्षी दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात शिरतो. सुरतेकडच्या किनारपट्टीची हवा घाटाकडच्या हवेपेक्षा दमट. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या फडात उभ्या उसाच्या भिंतींमध्ये वारा फिरत नाही. तितक्याच तापमानात, तितक्याच घामात, तोच मजूर तिथे जास्त तापतो. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला आवश्यक आहे, पण पाणी घामाचा कच्चा माल पुरवते. हवेतला ओलावा ते कमी करू शकत नाही. सावली, वारा आणि कामाची वेळ बदलणे यांनीच तो टप्पा सुधारतो.

इथे आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला सगळ्या शरीरशास्त्रात फार विलक्षण वाटते. उष्णतेत काम करू लागल्यावर दहा-चौदा दिवसांत शरीर सरावते. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि कमी खारट होतो. हे कमी खारटपण अधिवृक्काच्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे येते: ते घर्मग्रंथीच्या नलिकेतून सोडियम परत ओढून घ्यायला लावते. म्हणजे नलिकावाली ग्रंथी नलिकाविहीन ग्रंथीच्या हुकमात चालते आणि तक्त्यातल्या दोन रकान्यांमधली भिंत पडते. या सरावाला दिवस लागतात, म्हणून उष्माघाताचे धोके कामाच्या पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतात. होळीला गावी आलेला मजूर दोन-तीन आठवडे राहून परत गेला की सराव बराचसा ओसरलेला असतो. मुकादम मात्र पहिल्या दिवसापासून पुरी तोड मागतो. पहिल्या आठवड्यात अर्धे काम ही मागणी सवलतीची वाटेल, पण ती अधिवृक्काच्या वेगाने घातलेली अट आहे.

४. हुकूम: दूध का आटते

दुग्धग्रंथीचा हुकूम पीयूषिकेकडून येतो. तिच्या पुढच्या भागातले प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावते. मागच्या भागातून सुटणारे ऑक्सिटोसिन ग्रंथीभोवतीच्या पेशी आवळून दूध पुढे ढकलते, त्यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. पण पीयूषिकेला हा हुकूम द्यायला कोण भाग पाडते? बाळाचे ओठ. बाळ जितके वेळा आणि जितके पिते, तितके दूध पुढे बनते. दूध साठून राहिले तर ग्रंथी स्वतःच उत्पादन कमी करते. भीती, वेदना आणि ताण ऑक्सिटोसिनला रोखतात.

कुपोषणाच्या चर्चेत नंदुरबारचे नाव आले की आईच अशक्त आहे, तिला दूध कुठून येणार, असे सहज बोलले जाते. हे बरेचसे चूक आहे आणि आईवर अन्याय करणारे आहे. मध्यम कुपोषित आईचे शरीरही बाळासाठी बहुधा पुरेसे दूध बनवते. ते आपल्या साठ्यातून काढून देते. दूध आटते ते अनेकदा बाळ फडाच्या कडेला झोळीत आणि आई उसात, अशा सात-आठ तासांमुळे. दोन पाजण्यांमधले अंतर वाढले, हुकूम यायचा थांबला. अशा बाईला टॉनिक देणे म्हणजे प्रश्न ग्रंथीत शोधणे. तिला कामाच्या मध्ये तीन-चार वेळा बाळाजवळ बसू देणे म्हणजे प्रश्न जिथे आहे तिथे सोडवणे.

मात्र दुधाचे प्रमाण टिकले तरी त्यातले सगळे घटक टिकतात असे नाही. आईच्या आहारात आयोडीन कमी असेल तर दुधातही कमी उतरते, बी-१२ चेही तसेच. मिठाच्या बरणीपासून आईच्या अवटूपर्यंत आणि दुग्धग्रंथीपर्यंत, आणि दुधातून बाळाच्या अवटूपर्यंत एकच धागा जातो.

५. स्वादुपिंडाची जुनी नोंद

कच्च्या मालाची तूट आजचीच असते असे नाही; कधी ती फार जुनी असते. मधुमेह हा खात्यापित्या, बसून काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत महाराष्ट्रातूनच खोटी ठरली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण त्यांचा तोटा स्नायूंत जास्त आणि चरबीत कमी होता. बारीक दिसणाऱ्या देहात मधुमेहाची तयारी गर्भातच सुरू होते, हे या कामातून पुढे आले.

त्याच्या पुढची पायरी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालेल्या संशोधनाने दाखवली. लहानपणी उपासमार सोसलेल्या काही कृश रुग्णांमध्ये मूळ दोष इन्सुलिन कमी स्रवण्याचा असतो. इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याचा, म्हणजे नेहमीच्या मधुमेहासारखा, तो नसतो. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला ‘टाइप पाच’ म्हणून मान्यता दिली. अशा कृश आदिवासी तरुणाला ‘वजन कमी करा, भात सोडा’ असे सांगणे त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याच्या स्वादुपिंडाचे आजचे कार्य वीस वर्षांपूर्वीच्या ताटाने ठरवले आहे.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा येईल की अनेक ग्रंथीविकार खरोखरच ग्रंथीतले असतात. हाशिमोटोच्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती अवटूवरच चालून जाते. टाइप एक मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात. काही बाळे अवटूशिवायच जन्मतात. हे सारे खरे आहे आणि तिथे गोळी किंवा इंजेक्शन हेच जीवन आहे. माती आणि बाजाराच्या गप्पा मारून कुणीही ते थांबवू नये. माझे म्हणणे या रुग्णांच्या उपचाराविरुद्ध नाही. उलट कच्चा माल, हुकूम आणि परिस्थिती यांचे तीन प्रश्न विचारले तरच हा रुग्ण आयोडीन न मिळालेल्या रुग्णापासून वेगळा ओळखता येतो. दोघांच्या गळ्याला सूज असू शकते आणि उत्तेजक संप्रेरकाचा आकडाही दोघांत वाढलेला असू शकतो.

दुसरा आक्षेप मिठावरच आहे. आयोडीन नसलेल्या मिठावर देशव्यापी बंदी आली तेव्हा लहान मीठ उत्पादकांचे काय आणि गरज नसलेल्यांवर सक्ती का, असे प्रश्न उठले. २००० साली केंद्राने बंदी उठवली आणि मे २००६ मध्ये पुन्हा लागू केली. जास्त आयोडीनने काहींना त्रास होतो, विशेषतः वर्षानुवर्षे गाठीदार गलगंड असलेल्या वयस्करांना, हेही नाकारता येत नाही. पण त्यातून निष्कर्ष मोजमापाचा निघतो, मीठ थांबवण्याचा नाही. आणि छोट्या आगरवाल्याला आयोडीन मिसळण्याचे साधन देणे हे सरकारचे काम आहे. किलोमागे खर्च काही पैशांचाच येतो. ज्याच्या घरी ताजे समुद्री मासे आणि दूध रोज आहे, त्याच्या स्वातंत्र्याची किंमत डोंगरातल्या गर्भाने का द्यावी, याचे उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेले नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा: एवढे सगळे नववी-दहावीच्या मुलांना कसे शिकवणार? तक्ता पाठ करायलाच हवा, तो अनुक्रमणिकेसारखा उपयोगी आहे. पण नवापूरच्या आश्रमशाळेतल्या मुलीला अवटूचे कार्य विचारताना, तुमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातले मीठ तपासून निष्कर्ष लिहा, असा प्रश्न घालता येतो. आशा कार्यकर्तीजवळच्या तपासणी किटमधल्या द्रावणाचा थेंब मिठावर टाकला की आयोडीन असल्यास निळा-जांभळा रंग येतो. एका तासात रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आणि स्वतःच्या ताटाची ओळख होते. हे अवघड आहे असे मला वाटत नाही.

७. तालुक्यात काय बदलायला हवे

काही गोष्टी आजच्या यंत्रणेतच होऊ शकतात. आश्रमशाळा, अंगणवाडी आणि रेशन दुकानात मिठाची नवी गोणी उघडली की तपासणी आणि तिची नोंद. किट केवळ आयोडीन आहे की नाही हे सांगते, म्हणून ठरावीक नमुने प्रयोगशाळेत पाठवून १५ भागांची खात्री. ऊसतोडीच्या करारात पहिल्या आठवड्याचे कमी काम, दुपारची सुटी आणि तान्ह्या बाळाच्या आईसाठी पाजण्याची वेळ; हा करार दोन राज्यांच्या कामगार खात्यांनी मिळून तपासावा, कारण मजूर एका राज्याचा आणि फड दुसऱ्या राज्याचा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात कृश मधुमेहीच्या कागदावर त्याच्या बालपणीच्या आहाराची एक ओळ.

आणि सर्वांत आधी गरोदर बायकांच्या लघवीतल्या आयोडीनचे मोजमाप. शरीरात आलेल्या आयोडीनचा सुमारे ९० टक्के भाग लघवीतून बाहेर पडतो, म्हणून ही तपासणी स्वस्त आणि बिनत्रासाची आहे. गटाचा मध्यक लिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर त्या गर्भांना पुरेसे आयोडीन मिळत नाही, असे समजायचे. राज्याच्या सरासरीत डोंगराकडचा तालुका बुडून जातो. त्यामुळे हा आकडा नवापूर तालुक्याचा म्हणून वेगळा काढावा, दर दोन-तीन वर्षांनी काढावा, आणि ग्रामसभेत मावची आणि कोकणीतून वाचून दाखवावा.